शरीराची हद्द कोण आखतं?

आजचा विषय कागदावर जड दिसतो: वैद्यकीय ऑन्टॉलॉजीत शरीरातल्या जागा आणि सीमा यांचं वर्गीकरण कसं होतं, आणि ते बरोबर होतं का. एवढं ऐकून कुणालाही वाटेल की हा संगणकवाल्यांचा आणि शरीररचनेच्या प्राध्यापकांचा आपापसातला वाद आहे, जव्हार-मोखाड्यात त्याचं काय काम? माझं म्हणणं उलट आहे. हा विचार अमेरिकेतल्या विद्यापीठांत घडला हे खरं, पण तो टिकतो की नाही हे तपासायचं असेल तर मोखाड्यातल्या एखाद्या पाड्यावरची अंगणवाडी ही फार चांगली जागा आहे. का, ते टप्प्याटप्प्याने बघू.

आधी शब्द. शब्दकोशात शब्दाचा अर्थ दिलेला असतो. ऑन्टॉलॉजीत त्याच्या पुढचं काम असतं. शब्दामागची वस्तू कोणत्या प्रकारची आहे आणि तिचं इतर वस्तूंशी नातं काय, हे यंत्रालाही कळेल अशा शिस्तीत मांडायचं. उदाहरण घ्या. जठराची भिंत हा जठराचा भाग आहे. पण जठरातला भात? तो जठराचा भाग नाही, तो फक्त जठराच्या पोकळीत आहे. आपल्याला हे सांगावं लागत नाही. यंत्राला सांगावं लागतं, नाहीतर ते उद्या भाताला अवयव समजेल.

या क्षेत्रातलं सगळ्यात मोठं आणि पायाभूत काम म्हणजे 'फाउंडेशनल मॉडेल ऑफ ॲनाटॉमी', थोडक्यात एफएमए. सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात कॉर्नेलियस रॉस आणि होसे मेहिनो यांनी ते उभं केलं. त्यावरचा त्यांचा मुख्य लेख २००३चा. सुमारे ७५ हजार वर्ग, सव्वा लाखाच्या घरात संज्ञा आणि त्यांच्यातली वीस लाखांहून जास्त नाती, असा त्याचा आवाका आहे.

आपल्याकडे रुग्णांच्या नोंदींसाठी दुसरी एक संज्ञाप्रणाली स्वीकारलेली आहे, स्नोमेड सीटी. भारत २०१४ पासून तिचा सदस्य देश आहे, आणि पुण्याच्या सी-डॅकमधलं एनआरसीईएस हे केंद्र तिचं देशातलं काम पाहतं. म्हणजे हा विचार पुण्यापर्यंत कधीच पोहोचला आहे. तिथून तो पाड्यावर काय घेऊन येतो, हा आजचा प्रश्न.

एफएमएची मला सगळ्यात आवडणारी गोष्ट आधी सांगतो. टीका करायची असेल तर आधी कौतुक प्रामाणिक हवं. या मांडणीत शरीरातल्या भौतिक गोष्टींचे दोन मोठे गट आहेत. एक, ज्यांना वस्तुमान आहे: हाड, स्नायू, रक्त. दुसरा, ज्यांना वस्तुमान नाही तरी ज्या आहेत: पोकळ्या, पृष्ठभाग, रेषा, बिंदू. पोकळीला पृष्ठभागाची सीमा, पृष्ठभागाला रेषेची, रेषेला बिंदूची. म्हणजे रिकाम्या जागेलाही त्यांनी नाव आणि पत्ता दिला.

मराठी माणसाला यात फार नवल वाटायला नको. आपली भाषा शरीरातल्या जागांना केव्हापासून नावं देत आली आहे. काख. कूस. पोटाची खळगी. 'कोठा साफ नाही' म्हणतो तेव्हा आपण धान्याच्या कोठ्याचा शब्द आतड्याला लावतो. सुश्रुतसंहितेत तर सात आशय मोजले आहेत, स्त्रीच्या शरीरात गर्भाशय धरून आठ. आशय म्हणजे साठवणीची जागा. आणि धातू आणि आशय यांच्यामधल्या सीमेला तिथे 'कला' म्हटलं आहे. व्याख्येतला शब्द आहे 'मर्यादा'. तेव्हा जागा वेगळी आणि हद्द वेगळी, हा विचार आपल्याला परका नाही.

पण जागेला स्वतंत्र वस्तू मानण्याचा उपयोग काय? उपयोग जीव वाचवण्याइतका आहे. तीव्र कुपोषणाच्या एका प्रकारात मुलाच्या दोन्ही पायांवर सूज येते. पावलावर अंगठ्याने तीन सेकंद दाबलं की खड्डा पडतो आणि तसाच राहतो. हे पाणी कुठे आहे? पेशींच्या आत नाही, रक्तवाहिन्यांतही नाही. ते पेशींच्या मधल्या जागेत साठलेलं आहे. वजनकाट्याला ही जागा दिसत नाही. काटा मूल आणि पाणी एकत्र मोजतो आणि आकडा सांगतो. मूल झिजत असतं, आणि कार्डावरची रेघ मात्र बरी दिसते. म्हणून नियमच असा आहे की दोन्ही पायांवर अशी सूज असेल तर वजन आणि दंडाचा घेर काहीही असो, मूल 'सॅम' म्हणजे अतितीव्र कुपोषित धरायचं.

पुढे जाऊन बघा. सूज फक्त पावलांवर असेल तर एक अधिक. पोटऱ्यांपर्यंत किंवा हातांवर आली तर दोन अधिक. चेहऱ्यासकट सर्वांगावर असेल तर तीन अधिक. जागतिक आरोग्य संघटनेच्या पद्धतीप्रमाणे दाखल मुलाला सुरुवातीला एफ-७५ हे दूध किलोमागे दिवसाला १३० मिलिलिटर देतात. सूज तीन अधिकची असेल तर १०० मिलिलिटर. सहा किलोचं मूल असेल तर ७८० आणि ६००, म्हणजे दिवसाला १८० मिलिलिटरचा फरक. सूज कुठल्या हद्दीपर्यंत पोहोचली, यावर मुलाच्या वाटीतलं दूध ठरतं. आता सांगा, शरीरातल्या जागा आणि सीमा हा पुस्तकी विषय आहे का?

कौतुक इथपर्यंत. आता सीमांकडे.

तत्त्वज्ञ बॅरी स्मिथ यांनी नव्वदच्या दशकात एक भेद मांडला आणि वैद्यकीय ऑन्टॉलॉजीने तो उचलला. सीमा दोन प्रकारच्या. काही मूळच्याच असतात, वस्तूतच असतात. काही माणसाने ठरवून आखलेल्या असतात. इथे बसलेल्यांना याचं उदाहरण शोधायला लांब जायला नको. १ ऑगस्ट २०१४ ला ठाणे जिल्ह्यातून पालघर जिल्हा वेगळा झाला. त्या दिवशी वैतरणा कुठे वळली नाही, घाट कुठे सरकला नाही. नदीचा काठ ही मूळची सीमा. जिल्ह्याची हद्द ही आखलेली. पण म्हणून आखलेली हद्द खोटी नसते. त्या तारखेनंतर आपली कामं ठाण्याऐवजी पालघरला होऊ लागली, एस.टी.चं तिकीटसुद्धा वेगळं झालं. आखलेल्या रेषेला परिणाम असतात.

शरीरातही तसंच. त्वचा, फुप्फुसावरचं आवरण, जठराची भिंत या मूळच्या सीमा. पण पोटाचे नऊ भाग? दोन उभ्या आणि दोन आडव्या काल्पनिक रेषा मारून ते केलेले आहेत. पोट उघडलं तर आत कुठेही रेघ सापडत नाही. आपल्या बायका 'ओटीपोटात दुखतंय' म्हणतात. तीही आखलेलीच हद्द, फक्त ती लुगड्याच्या ओटीने आखलेली. आणि डॉक्टरला ती लगेच कळते. मोठ्या माणसाच्या कुल्ल्याचे मनात चार भाग करून वरच्या बाहेरच्या भागात सुई देतात. त्या दोन रेषा काल्पनिक आहेत, पण त्यांच्यामुळे वाचणारी पायाची मोठी नस अगदी खरी आहे.

तर भेद चांगला आहे. मग माझी तक्रार काय? दोन आहेत.

पहिली तक्रार नमुन्याच्या शरीराबद्दल. एफएमएने ज्या शरीराचं वर्णन केलं ते आदर्श, प्रमाणित, प्रौढ माणसाचं. त्यांनी हे लपवलेलं नाही. उघड सांगितलं आहे आणि त्यामागे कारण आहे. पाठ्यपुस्तकाला कुठलं तरी एक शरीर घ्यावंच लागतं. पण नमुन्याच्या शरीरात काळ थांबलेला असतो. आता आपल्याकडचा एक शब्द घ्या: टाळू. तान्ह्या बाळाच्या डोक्यावरचा मऊ भाग. आजी तिथे तेल भरते. जुलाबाने बाळ सुकलं की आई म्हणते, टाळू बसली. ही टाळू म्हणजे नेमकं काय? हाडांच्या बाजूने बघितलं तर ती हाडांच्या मधली मोकळी जागा. पडद्याच्या बाजूने बघितलं तर ती एक वस्तू, पातळ पण भक्कम पडदा. पुढची टाळू साधारण दीड वर्षापर्यंत भरून येते. मुडदूस असेल तर उशीर लागतो. म्हणजे ही अशी जागा आहे की जिची सीमा वयाबरोबर आत आत येते आणि एक दिवस जागाच उरत नाही. उशिरा भरणं हे स्वतःच आजाराचं लक्षण. प्रौढ नमुन्यावर बेतलेल्या यादीत तिचं नाव घालता येईल. पण तिचा अर्थ तिच्या वयात आहे, आणि वय हा त्या यादीतल्या सीमेच्या व्याख्येचा भाग नाही.

त्यात मराठीची आपली एक गंमत. तोंडातल्या वरच्या भागालाही आपण टाळूच म्हणतो. एक टाळू डोक्यावर, एक तोंडात. उद्या बोललेलं ऐकून नोंद करणारं यंत्र आलं आणि आई म्हणाली 'टाळू खोल गेली', तर ते कुठली टाळू घेईल? तान्ह्या बाळाची आई बोलतेय हे माणसाला कळतं, कारण समोर बाळ असतं. म्हणून मराठी संज्ञा जोडण्याचं काम नुसत्या भाषांतराने होणार नाही. शब्दाबरोबर वय आणि कुणाविषयी बोलणं चाललंय, ही दोन्ही जोडावी लागतील.

दुसरी तक्रार जास्त गंभीर आहे. ती आखलेल्या सीमेबद्दल.

दंडघेर मोजायची पट्टी इथे सगळ्यांनी पाहिलेली आहे. लाल, पिवळा, हिरवा. सहा महिने ते पाच वर्षांच्या आतलं मूल. पद्धत अशी: डावा हात कोपरात काटकोनात वाकवायचा, खांद्याच्या हाडाचं टोक आणि कोपराचं टोक यांच्यामधलं अंतर मोजायचं, बरोबर मधोमध खूण करायची, मग हात सैल सोडून त्या खुणेवर पट्टी गुंडाळायची. घेर ११५ मिलिमीटरच्या खाली असेल तर सॅम. ११५ ते १२५च्या आत असेल तर मॅम.

यात सीमा किती आहेत मोजा. खांद्याचं टोक आणि कोपराचं टोक हे मूळचे बिंदू, बोटाला लागतात. मधोमधची खूण आखलेली. दंडात तिथे काहीही वेगळं नाही. तिसरी सीमा, ११५. ती तर दंडावर नाहीच, ती कागदावर आखलेली आहे. आणि ती सरकलेली आहे. सत्तरच्या दशकात शाकीर आणि मोर्ले यांनी जी रंगीत पट्टी आणली, तिच्यात लाल रंग साडेबारा सेंटिमीटरच्या खाली होता. पुढे तीव्र कुपोषणासाठी ११० मिलिमीटरची रेषा आली. २००९ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी ती ११५ वर नेली, कारण नव्या वाढ-मानकांशी ती जास्त जुळत होती. म्हणजे ११२ मिलिमीटर दंड असलेलं मूल एका यादीत सॅम नव्हतं आणि दुसऱ्या यादीत सॅम झालं. दंड तोच. मूल तेच. रेषा हलली.

यात वाईट काही नाही. अनुभवाने रेषा सुधारायचीच असते. प्रश्न पुढचा आहे. नोंदीत जाताना काय उरतं? शरीराच्या भागाची संज्ञा, 'मधला वरचा दंड', आणि एक आकडा. वर्गीकरणाच्या शिडीवर मधला दंड हा दंडाचा भाग म्हणून बसतो, जसं हाड बसतं, जसा स्नायू बसतो. आखलेल्या सीमा वेगळ्या ओळखायच्या हा भेद तत्त्वज्ञानाच्या पातळीवर मान्य आहे. पण नोंदीपर्यंत येता येता तो गळून जातो. कुणी आखली, कधी, कुठल्या पट्टीने, कुठल्या रेषेशी ताडली, हे आकड्याच्या बरोबर प्रवास करत नाही. वरून बघणाऱ्याला ती रेषा त्वचेइतकीच पक्की दिसू लागते.

आणि हे मूल एका जागी राहत नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको. दिवाळी झाली की घरंच्या घरं वीटभट्टीवर जातात, भिवंडीकडे, वसईकडे. मुलं बरोबर जातात. पाड्यावर एका पट्टीने मोजलेलं मूल तिकडे दुसरं कुणीतरी मोजतं, कधी दंडाने, कधी वजन-उंचीने. आता हे माहीत असलेलं आहे की दंडघेर आणि वजन-उंची या दोन कसोट्या नेहमी तीच मुलं निवडत नाहीत; दोन्ही याद्या एकमेकींवर काही प्रमाणातच बसतात. मग एका नोंदीत मूल सॅम, दुसऱ्या नोंदीत नाही. वर बसलेल्या माणसाला वाटतं, मूल सुधारलं. किंवा वाटतं, सेविकेने चुकीचं मोजलं. तिसरी शक्यता, की दोन वेगळ्या रेषांनी मोजलं गेलं, ती त्याला दिसतच नाही. कारण रेषा आकड्यातून पुसली गेलेली असते.

जव्हार तालुक्यात हे बोलताना वावर-वांगणीची आठवण टाळता येत नाही. १९९२ मध्ये तिथल्या बालमृत्यूंनी सगळा महाराष्ट्र हादरला. तेव्हापासून प्रत्येक वेळी तोच वाद उभा राहतो: मूल कुपोषणाने गेलं की आजाराने? हाही शेवटी हद्दीचाच वाद आहे. न्यूमोनिया कुठे संपतो आणि भूक कुठे सुरू होते, याची शरीरात मूळची सीमा नाही. ती कागदावर आखावी लागते. आणि जो आखतो त्याच्या हातात बरंच काही असतं. म्हणूनच आखणाऱ्याचं नाव पुसलं जाणं ही नुसती तांत्रिक त्रुटी नाही.

आता समोरची बाजूही मांडतो. एक आक्षेप असा: मधोमधची खूण थोडी हुकली तर एवढं काय बिघडतं? खरं तर फार बिघडत नाही. नायजरमध्ये आयांच्याच हातात पट्टी दिली, नजरेने मधला भाग ठरवायला सांगितला, आणि त्यांनी प्रशिक्षित कार्यकर्त्यांच्या तोडीस तोड ओळख केली. पट्टी आवळली किंवा सैल धरली, यानेच जास्त फरक पडतो. पण हा मुद्दा माझ्या बाजूचा आहे. कुठली आखलेली सीमा किती हुकलेली चालते, हीसुद्धा त्या सीमेबद्दलची माहितीच आहे. सुईच्या रेषेला फार हुकून चालत नाही, दंडाच्या खुणेला थोडं चालतं. ऑन्टॉलॉजीने आखलेल्या सीमा असा एकच डबा करून दोघींना त्यात टाकलं, तर हा फरक सांगायला जागा उरत नाही.

दुसरा आक्षेप जास्त जवळचा: अंगणवाडी सेविकेने आणखी किती भरायचं? रजिस्टर आहे, ॲप आहे, त्यात रेंज नाही. मान्य. तिच्यावर एकही रकाना वाढवू नये असंच मी म्हणेन. कुणी भरलं आणि कधी भरलं हे मोबाइलमधल्या नोंदीला बहुधा आपोआप कळतं. पट्टी कुठली आणि रेषा कुठली हे कार्यक्रमाच्या पातळीवर एकदाच नोंदवता येतं. अडचण माहिती नसण्याची नाही. खालची नोंद वर जाताना, एका संज्ञेत आणि एका आकड्यात दाबली जाताना, ती माहिती सांडते. म्हणजे दुरुस्ती पाड्यावर नको आहे, वर हवी आहे, जिथे संज्ञा आणि त्यांचे नियम ठरतात.

काय हवं, ते तीन वाक्यांत सांगतो. आखलेल्या प्रत्येक सीमेबरोबर ती कशी आखायची याची पद्धत बांधलेली असावी. प्रत्येक उंबरठ्याच्या आकड्याबरोबर तो कुणी आणि कुठल्या वर्षी ठरवला हे असावं. आणि बदलणाऱ्या जागा, टाळू म्हणा, गर्भाशय म्हणा, सूज आलेली मधली जागा म्हणा, यांना नमुन्याचे अपवाद म्हणून न ठेवता त्यांच्या काळासकट पहिल्या रांगेत जागा मिळावी. सिएटल आणि पुण्यात बसलेल्यांना यातलं काहीच अशक्य नाही. मूळ भेद त्यांनीच तर शिकवला.

इथल्या माणसाला हे पटवून द्यायला मला कधी वेळ लागत नाही, कारण जमिनीच्या बाबतीत तो हे पिढ्यान्‌पिढ्या जाणतो. शेताचा बांध वेगळा आणि सातबाऱ्यावरची हद्द वेगळी. वाद झाला की मोजणी मागवतात. मोजणीच्या नकाशावर तारीख असते, भूकरमापकाची सही असते. कुणी मोजलं हे कळतं, म्हणून पुन्हा मोजा असं म्हणता येतं. वनहक्काच्या दाव्यातही लोक हेच विचारतात: मोजायला कोण आलं होतं, आणि आम्ही तिथे हजर होतो का?

दोन गुंठ्यांसाठी आपण एवढी काळजी घेतो. मुलाच्या दंडावरची हद्दही अशी असावी की तिच्यावर बोट ठेवून आईला विचारता यावं: ही रेघ कुणी मारली, आणि परत मोजाल का? तिच्या प्रश्नाला उत्तर देऊ शकेल अशी नोंद ज्या वर्गीकरणातून निघते, ते वर्गीकरण चांगलं. बाकीचं अजून अपुरं आहे.

प्रश्न असतील तर घेऊ.